तातडीचा डॉक्टर आणि पाच लाखांचे कवच

गोंदियातल्या अपघातग्रस्ताला तातडीच्या विभागात आधी जो डॉक्टर पाहतो, तो शक्यतो तातडीच्या वैद्यकशास्त्रातला (इमर्जन्सी मेडिसिन) एम.डी. असावा: एम.बी.बी.एस.नंतरची तीन वर्षे. भारतात या विषयाला स्वतंत्र मान्यता 2009 साली मिळाली, म्हणून असे तज्ज्ञ अजून थोडेच. गोंदियाचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही 2016चे.

नातेवाईक विचारतात, ‘हे डॉक्टर योजनेत आहेत का?’ महात्मा फुले जनआरोग्य योजनेत सहभागी होते ते रुग्णालय, डॉक्टर नव्हे. एका कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंतचे संरक्षण, तेही ठरलेल्या उपचारांसाठी. तिथल्या आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या मदतनीसाला, लगेच गाठा. जीव धोक्यात असेल तर फोनवरून तात्पुरती मंजुरी मिळते. रेशनकार्ड मागाहून दाखवता येते. कागदांसाठी रुग्णाला घरी थांबवू नका, 108ला फोन करा.