पंपाला लावलेलं कुलूप

सकाळी 8. मुंबईच्या उपनगरातलं आमचं अग्निशमन केंद्र. पाळी बदलते, हजेरी होते, मग बंबाभोवती फेरी: टाकीतलं पाणी, होज, श्वसनसंचातली हवा.

9.30. फायली. जुलै म्हणजे 'बी' फॉर्मचा पाऊस. 2006 च्या आग प्रतिबंधक कायद्यानुसार जानेवारी आणि जुलैत इमारतीने परवानाधारक एजन्सीचा दाखला द्यायचा, की यंत्रणा चालू आहे. कागदावर सगळ्याच इमारती ठणठणीत असतात.

11. म्हणून हा बावीस मजली टॉवर. सेक्रेटरी चहा पुढे करतात. चहा नंतर, आधी पंपरूम. तिलाच कुलूप. किल्ली वॉचमनकडे, वॉचमन जेवायला. वीस मिनिटांनी दार उघडलं तर मुख्य पंप 'मॅन्युअल'वर!

"साहेब, ऑटोवर ठेवला की रात्री आपोआप सुरू होतो. लोक ओरडतात."

"अहो, आपोआप सुरू होतो म्हणजे लाइन कुठेतरी गळतेय. दाब उतरला की पंप लागणारच. गळती काढा, पंपाला कशाला शिक्षा?"

मग गच्चीपासून जिन्याने खाली. रेफ्युज एरियात जुने सोफे. इलेक्ट्रिक डक्टमध्ये रद्दी. तेराव्या मजल्यावर जिन्याचं फायर डोअर तुळशीच्या कुंडीने अडवून उघडं ठेवलेलं. वारा येतो म्हणे! वाऱ्याच्या वाटेनेच धूर येतो, आणि माणसं ज्वाळांआधी धुराने गुदमरतात. कुंडी मी स्वतः उचलली. तुळस आहे, लाथेने सरकवता येत नाही. नोटीस लिहिली, मुदत 120 दिवस. एवढी मुदत मला स्वतःला जास्तच वाटते.

1.45. डबा उघडला आणि वर्दी आली. चाळीत मीटरबॉक्स पेटलाय. गल्लीत दुतर्फा दुचाक्या. जवानांनी हातांनी उचलून बाजूला केल्या. वीज तोडेपर्यंत पाण्याला हात नाही, पावडर मारली. आग पाच मिनिटांत विझली. गल्लीत शिरायला त्याहून जास्त वेळ लागला.

4. शाळेत प्रात्यक्षिक. पिन ओढा, नोजल आगीच्या बुडाशी धरा, दाबा, डावी-उजवीकडे फिरवा. मुलांना ज्वाळेवरच मारायची घाई. मोठ्यांनाही असते.

6.15. अहवाल लिहिताना सेक्रेटरींचा फोन. पंप ऑटोवर टाकलाय, गळती सापडलीय. कुंडीचा विषय मात्र सर्वसाधारण सभेत घ्यावा लागेल.

गुरुवारी पुन्हा जातोय.