बंद पडलेल्या लॅपटॉपमधील फायली कशा सोडवाव्यात?

संगणकाने आपल्या दवाखान्यांत आणि घरांत प्रवेश केल्याला आता बराच काळ लोटला. साहजिकच कपाटाच्या वरच्या फळीवर बंद पडलेला एखादा लॅपटॉप बहुतेक घरांत आढळतो. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चे सर्वसाधारण पाठबळ संपले, तेव्हा अशा निवृत्त यंत्रांत आणखी भर पडली. भंगारात त्यांचे फारसे मोल येत नाही. परंतु त्यांत अडकलेली मुलांची छायाचित्रे, परिषदेत वाचलेले निबंध, वडिलांनी उतारवयात टंकलिखित केलेल्या आठवणी यांचे मोल कोणी करावे? ही संपदा पुष्कळदा शाबूत असते. ती सुखरूप बाहेर काढावयाची तर आपल्याला परिचित असाच क्रम पाळावा लागतो: आधी निदान, मग प्रत, आणि त्यानंतरच उपचार.

लॅपटॉप सुरू होत नाही याचा अर्थ हार्ड डिस्क निकामी झाली असा नव्हे. दोष चार्जर, पडदा, मदरबोर्ड किंवा खुद्द विंडोज यांपैकी कशातही असू शकतो. जुन्या लॅपटॉपमधील डिस्क सहसा २.५ इंची असते. वीज तोडून व बॅटरी काढून तळाचे स्क्रू सोडविले की ती बाहेर येते. सन २००३ नंतर हळूहळू रूढ झालेल्या साटा पद्धतीची जोडणी चपटी असते, तर त्यापूर्वीच्या आयडीई डिस्कला सुयांच्या दोन ओळी असतात. ही खूण पाहून योग्य ते यूएसबी केसिंग आणावे आणि डिस्क दुसऱ्या संगणकास जोडावी.

जोडताच कान द्यावा. संथ, एकसारखी घरघर हे सुचिन्ह होय. लयबद्ध टकटक ऐकू आल्यास वीज तत्काळ बंद करावी. डिस्कचे वाचनशीर्ष फिरत्या तबकडीपासून अवघ्या काही नॅनोमीटर अंतरावर तरंगते. त्या फटीपुढे धुळीचा कणही धोंड्यासारखा ठरतो. म्हणून डिस्क घरी कदापि उघडू नये. ती फ्रीजमध्ये ठेवण्याचा ऐकीव उपायही टाळावा, कारण साठणारे दव हानी वाढविते. अशी डिस्क धूळमुक्त कक्ष असलेल्या तज्ज्ञांकडेच सोपवावी.

डिस्क निरोगी असल्यास फायली ‘यूजर्स’ या फोल्डरमध्ये सापडतात. विंडोज एक्सपी असल्यास ‘डॉक्युमेंट्स अँड सेटिंग्ज’ पाहावे. परवानगी नाकारली गेल्यास घाबरू नये, कारण नव्या संगणकावरील ॲडमिनिस्ट्रेटरला फोल्डरची मालकी घेता येते. मात्र ‘फॉरमॅट करावयाचे काय?’ या प्रश्नास नकारच द्यावा. बिटलॉकरने कुलूपबंद केलेली डिस्क ४८ अंकी किल्लीवाचून उघडत नाही. ती किल्ली पुष्कळदा मालकाच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात जतन झालेली असते.

पुसल्या गेलेल्या फायलींची गोष्ट थोडी निराळी. फाईल पुसली असता सूचीत तिची जागा ‘मोकळी’ म्हणून नोंदली जाते, पण त्या जागी नवे काही लिहिले जाईपर्यंत मूळ मजकूर तेथेच राहतो. म्हणून त्या डिस्कवर काहीही, अगदी फायली सोडविणारे सॉफ्टवेअरसुद्धा, उतरवू नये. प्रथम डीडीरेस्क्यू या मोफत साधनाने दुसऱ्या डिस्कवर संपूर्ण प्रत घ्यावी. हे साधन सुलभ भाग आधी वाचून घेते व दुखऱ्या भागांकडे शेवटी वळते. त्यानंतर त्या प्रतीवर फोटोरेक चालवावे. एसएसडी प्रकारच्या डिस्कमध्ये मात्र ‘ट्रिम’ या व्यवस्थेमुळे पुसलेला मजकूर लवकरच खरोखर नाहीसा होतो. तेथे आशा अल्पच.

मराठीत लेखन करणाऱ्यांनी आणखी एक दक्षता घ्यावी. युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ पासून असली, तरी आपल्या जुन्या फायली श्रीलिपी, आकृती किंवा आयएसएम यांच्या फॉन्टमध्ये असण्याचा संभव फार. त्या फॉन्टवाचून उघडल्यास रोमन अक्षरांचा निरर्थक गुंता दिसतो आणि फाईल बिघडल्याचा समज होऊन ती टाकून दिली जाते. वस्तुतः मजकूर सुरक्षित असतो. म्हणून जुन्या विंडोजमधील ‘फॉन्ट्स’ हा फोल्डरही सोबत उतरवून घ्यावा आणि पुढे सवडीने मजकुराचे युनिकोडमध्ये रूपांतर करावे.

सोडविलेल्या फायलींच्या दोन प्रती दोन निरनिराळ्या ठिकाणी ठेवाव्यात. रुग्णांच्या नोंदी असलेली डिस्क दुरुस्तीस देताना गोपनीयतेची लेखी हमी घेणे हे आपले व्यावसायिक कर्तव्य आहे. काम संपल्यावर ती डिस्क तशीच भंगारात देऊ नये. केवळ ‘क्विक फॉरमॅट’ केल्याने हार्ड डिस्कवरील मजकूर जात नाही. ज्या गुणामुळे आपल्या आठवणी आपल्याला परत मिळतात, त्याच गुणामुळे रुग्णाचे गुपितही परक्या हाती पडू शकते. म्हणून संपूर्ण डिस्कवर नवे लेखन करून, अथवा तिच्या तबकड्या नष्ट करूनच तिला निरोप द्यावा.