आजारातून उठणाऱ्यांसाठी परसबाग



परसबागेविषयी आपण पुष्कळ वाचले असेल. ताजी भाजी मिळते, बाजाराचा खर्च वाचतो, सांडपाणी उपयोगात येते, हे तिचे फायदे नेहमी सांगितले जातात आणि ते खरेही आहेत. प्रस्तुत लेखात परसबागेचा एक निराळा उपयोग सांगावयाचा आहे. मोठ्या आजारातून उठलेला, वयाने थकलेला किंवा काही कारणाने शेत सुटलेला माणूस घरात बसून राहतो. अशा माणसासाठी परसबाग कशी करावी, आणि कशी करू नये, हा या लेखाचा विषय आहे.

कशी करू नये, ते आधी सांगते, कारण ती चूक मी स्वतः केली आहे.

आमचे गाव परभणी जिल्ह्यात आहे. २०२१ साली ऐन सोयाबीन काढणीत माझ्या वडिलांना पक्षाघाताचा झटका आला. उजवा हात आणि उजवा पाय गेला. दवाखान्यातून घरी आल्यावर पाय हळूहळू सुधारला, काठी घेऊन ते चालू लागले. पण हातात जोर येईना. शेत धाकट्या भावाकडे गेले. अण्णा ओसरीवर बाजेवर बसून राहत. कापसाचा भाव विचारत नसत, पाऊस विचारत नसत. जेवण वाढले तर जेवत. चाळीस वर्षे तांबडे फुटण्याआधी शेतात जाणारा माणूस नऊ-नऊ वाजेपर्यंत अंगावर पांघरूण घेऊन पडून राही.

मी कृषिविद्या शिकवते. त्या डिसेंबरात सुट्टी घेऊन गावी गेले आणि घरामागच्या अर्ध्या गुंठ्यात आदर्श परसबाग आखली. आठवड्याच्या सात वारांचे सात वाफे, कडेने शेवगा व कढीपत्ता, कोपऱ्यात गांडूळ खताचा खड्डा, वर ठिबकची नळी. आराखडा इतका नेटका झाला की तो मी वर्गातही दाखवला. अण्णा तिकडे एकदाही फिरकले नाहीत. फेब्रुवारीत मेथी फुलावर गेली आणि भावाने ती शेळ्यांना टाकली.

पुढे उन्हाळ्याच्या तोंडाशी मोरीच्या पाण्यावर दोडक्याचा एक वेल आपोआप उगवला. वेल वाटेवर लोळू लागला तेव्हा आई तो उपटायला निघाली. अण्णा उठले, काठी टेकत मोरीपाशी गेले आणि म्हणाले, ‘राहू दे, तुराटी आण.’ आईने तुराटी धरली, त्यांनी डाव्या हाताने चिंधीची गाठ मारली. गाठीला बराच वेळ लागला. दुसऱ्या दिवशी सकाळी ते गाठ पाहायला पुन्हा गेले. हे आईने मला फोनवर सांगितले, तेव्हा माझ्या आराखड्यात काय चुकले ते मला कळले. मी त्यांना दुसरे शेत काढून दिले होते. शेतच झेपत नाही म्हणून जो माणूस खचला आहे, त्याच्यापुढे सात वाफे म्हणजे आणखी सात कामे.

माती आणि मन : मातीत काम केल्याने मन हलके होते, हे आपल्या अनुभवाचे आहे. त्याचा थोडाफार अभ्यासही झाला आहे. नेदरलँड्समध्ये २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात तीस माणसांना आधी मनावर ताण येईल असे काम दिले. नंतर निम्म्या माणसांना अर्धा तास बागेत काम करावयास सांगितले आणि निम्म्यांना घरात बसून वाचावयास सांगितले. ताणाच्या वेळी शरीरात वाढणारे कॉर्टिसॉल हे संप्रेरक दोन्ही गटांत उतरले, परंतु बागेत काम करणाऱ्यांत जास्त उतरले. प्रयोग लहान होता, त्यावरून फार मोठा निष्कर्ष काढू नये. त्याआधी १९८४ साली अमेरिकेतील एका रुग्णालयाच्या नोंदींवरून असे दिसून आले की, पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेनंतर ज्यांच्या खिडकीतून झाडे दिसत होती ते रुग्ण, खिडकीतून विटांची भिंत दिसणाऱ्या रुग्णांपेक्षा सरासरी थोडे लवकर घरी गेले आणि त्यांना वेदनाशामक औषधही कमी लागले.

माझ्या मते यामागे एक साधी गोष्ट आहे. आजारी माणसाचे सगळे लक्ष स्वतःच्या दुखण्यावर खिळलेले असते. रोप ते लक्ष बाहेर ओढून घेते. काल दोन पाने होती, आज तिसरे आले, एवढी बातमी सकाळी उठण्यास पुरते.

मात्र हा उपचाराला पर्याय नाही. गोळ्या आणि सांगितलेले व्यायाम चालूच ठेवावेत. पक्षाघातानंतर सुमारे एक तृतीयांश रुग्णांना नैराश्य येते आणि त्यावर औषधोपचार आहे. झोप उडणे, जेवण तुटणे, बोलणे बंद होणे, ‘मी आता कशाला हवा’ असे उद्गार निघणे, याला म्हातारपणाचा स्वभाव समजू नये, डॉक्टरांना सांगावे. टेली-मानस या शासकीय सेवेचा १४४१६ हा दूरध्वनी क्रमांक २०२२ पासून सुरू आहे, तेथे मराठीत बोलता येते. आणखी एक. ज्या घरात मन खचलेले माणूस आहे त्या घरात फवारणीची औषधे माळ्यावर किंवा खाटेखाली ठेवू नयेत. ती घराबाहेर, कुलपात ठेवावीत आणि किल्ली दुसऱ्याने सांभाळावी. परसबागेत तर ही औषधे आणूच नयेत.

जागा व आकार : जागा दारातून दिसेल अशी आणि दहा-पंधरा पावलांवर असावी. बसल्या जागेवरून झाड दिसले तर माणूस उठतो. किमान पाच-सहा तास ऊन मिळावे. सुरुवातीस एकच वाफा करावा, एक मीटर रुंद आणि तीन मीटर लांब. एक मीटरपेक्षा रुंद नको, कारण मध्यापर्यंत हात पोहोचला पाहिजे. आपल्या भारी काळ्या जमिनीत पावसाळ्यात पाणी साचते, म्हणून १५ सेंमी उंचीचा गादीवाफा करावा. उन्हाळ्यात सपाट वाफाच बरा, त्यात ओल टिकते. एका वाफ्यास चांगले कुजलेले शेणखत दोन घमेली पुरे.

ज्यांना खाली बसता येत नाही त्यांच्यासाठी खताच्या रिकाम्या गोण्या किंवा आडवा कापलेला पिंप विटांच्या ओट्यावर ठेवावा. दोन ते अडीच फूट उंची आली की स्टुलावर बसून काम होते. गोणी किंवा पिंप वापरताना तळाला भोके पाडावीत. गोण्यांत नुसती काळी माती भरू नये, ती दगडासारखी आवळते. माती, शेणखत आणि वाळू सम प्रमाणात मिसळावी.

काय लावावे : पहिल्या महिन्यात लवकर उगवणारे, मोठ्या बियांचे पीक घ्यावे. दोडका, घेवडा, गवार, भेंडी यांचे बी अशक्त बोटांनाही धरता येते. भेंडीचा ‘परभणी क्रांती’ हा वाण या भागात सर्वांच्या ओळखीचा आहे. मेथीचे बी त्यानंतर घ्यावे. माठ, तांदुळजा यांचे बी फार बारीक असते, ते कोरड्या बारीक वाळूत मिसळून टाकावे. तांदुळजा २५-३० दिवसांत, मेथी ३०-३५ दिवसांत, कोथिंबीर ४०-४५ दिवसांत काढणीस येते. पालक एकदा लावला की दोन-तीन कापण्या देतो. सगळा वाफा एकाच दिवशी पेरू नये. चार भाग करून दर आठवड्याला एक भाग पेरल्यास दर आठवड्याला काहीतरी उगवते आणि काहीतरी काढणीस येते. मन लागण्यासाठी हे फार उपयोगाचे आहे.

उत्पन्नाचा हिशेब मात्र स्वच्छ असू द्यावा. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली दिलेल्या शिफारशीप्रमाणे एका प्रौढ माणसाला दिवसाला सुमारे ४०० ग्रॅम भाजी लागते, म्हणजे पाच माणसांच्या घराला रोज दोन किलो. तीन चौरस मीटरचा वाफा एवढे देणार नाही, आणि तसे कोणी सांगत असल्यास विश्वास ठेवू नये. चांगली मेथी एका चौरस मीटरला अर्धा ते एक किलो मिळते. आठवड्यातून एक वेळची पालेभाजी आणि रोजची मूठभर कोथिंबीर निघाली, तरी वाफ्याने आपले काम केले असे समजावे.

पालेभाजीविषयी एक सूचना. हृदयरोग किंवा पक्षाघातानंतर काही रुग्णांना वॉरफेरिन किंवा त्यासारखी रक्त गोठू न देणारी गोळी दिलेली असते. हिरव्या पालेभाजीतील ‘के’ जीवनसत्त्वामुळे तिचा परिणाम कमी-जास्त होतो. भाजी बंद करण्याचे कारण नाही. परंतु एक आठवडा अजिबात नाही आणि पुढचा आठवडा रोज, असे करू नये. मूत्रपिंडाच्या रुग्णांनी पालक-माठ किती खावा ते डॉक्टरांना विचारावे.

पाणी आणि बोट : पाणी देण्यापूर्वी तर्जनी दुसऱ्या पेरापर्यंत मातीत खुपसावी. ओल लागली तर पाणी देऊ नये. बागेतली निम्मी रोपे पाण्याअभावी मरत नाहीत, मायेने जास्त पाणी दिल्याने मरतात! ज्या हातात जोर कमी आहे त्याच हाताचे बोट वापरावे. मातीचा गारवा, खरखर, ओल यांची जाणीव हळूहळू येते. बोट मातीत असताना घाई करू नये आणि मोबाईल घरात ठेवावा. पाणी लिटरच्या तांब्याने द्यावे. भरलेला तांब्या किलोभराचा असतो. बादलीपेक्षा झेपतो आणि किती खेपा झाल्या ते मोजता येते. अण्णांनी चार तांब्यांपासून सुरुवात केली.

मोरीचे पाणी साबणामुळे खारवट असते. ते खडी-वाळूच्या छोट्या खड्ड्यातून सोडून केळी, कर्दळ, अळू यांना द्यावे. कच्ची खाल्ली जाणारी कोथिंबीर व मुळा यांना देऊ नये.

संध्याकाळचे काम : दोडक्याचे फूल संध्याकाळी उमलते. नर फुले घोसात येतात. मादी फूल एकटे येते आणि त्याच्या मागे बोटाएवढा दोडका आधीच दिसतो. घराजवळ कीटक कमी असतात, त्यामुळे पुष्कळ फळे पिवळी पडून गळतात. अशा वेळी नर फूल तोडून त्याच्या पाकळ्या काढाव्यात व परागकण मादी फुलाच्या मध्यभागी हलकेच टेकवावेत. दुधी भोपळ्याचेही तसेच. लाल भोपळ्याचे फूल मात्र पहाटे उमलते, त्याला सकाळी लवकर जावे लागते. हे काम मिनिटाभराचे आहे, पण हात स्थिर लागतो आणि नजर लागते. अण्णा पहिले पंधरा दिवस डाव्या हाताने करीत, मग उजव्याने करून पाहू लागले. फूल पुष्कळदा हातातून पडे. आई शेजारी उभी असे, पण तिने फूल उचलून द्यायचे नाही असे त्यांनी तिला बजावले होते. घरातल्या मंडळींनी एवढे एक पाळावे. त्यांच्या हातातले काम लवकर व्हावे म्हणून काढून घेऊ नये.

किडी : मावा दिसल्यास पाने पाण्याने धुवावीत किंवा वर राख धुरळावी. जास्तच झाल्यास पाच टक्के निंबोळी अर्क वापरावा. त्यासाठी पाव किलो निंबोळीची भुकटी रात्रभर थोड्या पाण्यात भिजत घालावी, सकाळी फडक्यातून गाळून पाच लिटर पाणी करावे आणि चमचाभर साबणाचा चुरा टाकून संध्याकाळी फवारावे.

काळजी : रक्तदाबाची गोळी चालू असता वाकून एकदम उठल्यास भोवळ येते, म्हणून स्टूल आणि जवळ धरायला खांब असावा. उन्हाळ्यात दहाच्या आत काम आटपावे. मधुमेह असलेल्यांनी बागेत अनवाणी जाऊ नये, पायाला लागलेले कळत नाही. धनुर्वाताची सुई घेतलेली असावी. पाचटाचे आच्छादन ओल धरते, पण त्याखाली विंचू बसतो. ते हाताने न उचलता काठीने उचलावे. खुरप्याच्या मुठीला सायकलची जुनी ट्यूब गुंडाळल्यास पकड येते.

बियाणे : वेलावरचा एक चांगला दोडका बियांसाठी राखावा. तो वाळून खुळखुळू लागला की काढावा, बी सावलीत वाळवून राखेत घालून झाकणाच्या बरणीत ठेवावे. संकरित वाणाचे बी मात्र ठेवू नये. बरणीवर पिकाचे नाव, वाण व तारीख यांची चिठ्ठी लावावी. आमच्या घरी चिठ्ठ्या अण्णा लिहितात, उजव्या हाताने. अक्षर अजून लागत नाही, म्हणून आई प्रत्येक बरणीवर एकेक बी चिकटवून ठेवते.