मागील पानावरून पुढे चालू

मागच्या व्याख्यानानंतर एका तरुण श्रोत्याने आम्हाला गाठलं आणि विचारलं, "सर, वही झाली, यादी झाली, मोबाईलवरचं ॲप झालं. तीन आठवडे झकास चालतं, मग सुटतं ते सुटतंच. आमची इच्छाशक्तीच कमी पडते का?" आज जालन्यात याच प्रश्नावर बोलू. उत्तर आधीच सांगून टाकतो: बहुतेकांना इच्छाशक्ती कमी पडत नाही, परत येण्याची रीत माहीत नसते.

सुरुवात आमच्याच चुकीपासून करतो. शिकवत होतो तेव्हाची गोष्ट. एका विद्यार्थिनीने शिफारसपत्र मागितलं होतं. आम्ही ते डायरीत लिहून घेतलं, तारखेसह. मग उत्तरपत्रिका तपासण्याचे दिवस आले आणि डायरी दोन आठवडे उघडलीच नाही. त्यानंतर आम्हाला उत्साह आला, आणि आम्ही काय केलं? बाजारातून नवी कोरी डायरी आणली! सुंदर अक्षरात पहिलं पान लिहिलं. पत्राची नोंद जुन्या डायरीतच राहिली. मुदत गेली. ती मुलगी "असू द्या सर" एवढंच म्हणाली. ते दोन शब्द अजून टोचतात. काम विसरणं ही नुसती गैरसोय नसते; कुणाला तरी दिलेला शब्द त्यात मोडलेला असतो.

आता कामाच्या पद्धती म्हणजे काय ते पाहू. डेव्हिड ॲलन या अमेरिकन लेखकाचं या विषयावरचं गाजलेलं पुस्तक २००१ साली आलं. त्याचा गाभा सोपा आहे. डोक्यात घोळणारं प्रत्येक काम एका ठरलेल्या जागी लिहून काढायचं, त्यातलं पुढचं पाऊल कोणतं ते ठरवायचं, आणि आठवड्यातून एकदा सगळं नजरेखालून घालायचं. लिहून काढणं लोकांना जमतं, कारण त्यात डोकं हलकं होतं. आठवड्याचा आढावा मात्र पहिल्यांदा सुटतो. त्याचा तगादा कुणी लावत नाही, आणि सुटल्याचं नुकसान त्या दिवशी दिसत नाही. पण आढावा सुटला की यादीवरचा विश्वास उडतो, आणि विश्वास उडालेली यादी कोण उघडणार?

याच जिल्ह्यातलं एक उदाहरण घेऊ. घनसावंगी तालुक्यातलं जांब हे समर्थ रामदासांचं जन्मगाव. जन्म १६०८ सालचा. दासबोधात २० दशक आणि २०० समास आहेत. अध्यात्माचा ग्रंथ म्हणून आपण तो वाचतो. पण अकराव्या दशकाच्या तिसऱ्या समासात चक्क दिनक्रम सांगितला आहे. पहाटे उठून काही पाठांतर, मग शौच-स्नान-पूजा, मग प्रपंचाचा व्यवसाय, जेवणानंतर काही वाचन आणि चर्चा. इथे लक्षात घ्या, "वेळ मिळेल तेव्हा वाचा" असं समर्थ म्हणत नाहीत. वाचन जेवणाला बांधलेलं आहे. जेवण कुणी विसरत नाही, म्हणून वाचनही विसरलं जात नाही. नवी सवय जुन्या, न चुकणाऱ्या गोष्टीच्या दाव्याला बांधायची, हे आजचे मानसशास्त्रज्ञही सांगतात.

आता पतंजलींकडे वळू. योगसूत्रांच्या पहिल्या पादात चित्ताचे नऊ अंतराय सांगितले आहेत. आळस हा त्यातला फक्त एक. शेवटचे दोन आपल्या कामाचे आहेत: अलब्धभूमिकत्व म्हणजे भूमी हाती न लागणं, आणि अनवस्थितत्व म्हणजे भूमी हाती लागूनही तिथे टिकता न येणं. हे दोन वेगळे रोग आहेत. पहिल्याला पद्धत शिकवावी लागते. आमच्या तरुण श्रोत्याला पद्धत येते, त्याचा रोग दुसरा आहे. तरीही दर वेळी तो पहिल्याच रोगाचं औषध घेतो: नवं ॲप, नवी वही.

इथे कुणी म्हणेल, "सर, पतंजली तर अभ्यास दीर्घकाळ, अखंड आणि आदराने करायला सांगतात. मग एकदा खंड पडला की संपलंच ना?" विल्यम जेम्सचं मतही असंच कडक होतं. १८९० साली प्रसिद्ध झालेल्या मानसशास्त्रावरच्या ग्रंथात तो बजावतो की सवय मुरेपर्यंत एकही अपवाद होऊ देऊ नका. सूत गुंडाळता गुंडाळता गुंडा हातून पडला, तर एका क्षणात कितीतरी वेढे उलगडतात, हा त्याचा दाखला. दाखला मोठा चटकदार, पण तपासून पाहिला तर?

लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी तो बऱ्याच अंशी तपासला. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात ९६ जणांनी १२ आठवडे एकेक छोटी सवय रोजच्या एखाद्या ठरलेल्या प्रसंगाला बांधली. सवय अंगवळणी पडायला लागणारा काळ माणसागणिक १८ ते २५४ दिवस निघाला, मध्य ६६. म्हणजे "एकवीस दिवसांत सवय" हे सगळ्यांना लागू होत नाही. आणि महत्त्वाचं हे की एखादा दिवस चुकल्याने सवय जडण्यात फारसा फरक पडला नाही. गुंडा पडतो, पण सगळं सूत उलगडत नाही. आपणच वैतागून उरलेला गुंडा फेकून देतो.

मग अखंड म्हणजे काय? पुन्हा दासबोधाकडे जाऊ. एकोणिसाव्या दशकाच्या पहिल्याच समासात लेखन कसं करावं ते सांगितलं आहे. पोथीचं पहिलं अक्षर आणि शेवटचं अक्षर एकाच टाकाने, एका बैठकीत लिहिल्यासारखं दिसावं, अशी अपेक्षा तिथे आहे. पण मोठी पोथी एका बैठकीत कुणी लिहीत नाही. लेखक जेवायला उठतो, झोपतो, आजारीही पडतो. तरी पोथी एकसंध दिसते, कारण परत बसल्यावर तो तेच वळण धरतो. आमच्या मते नैरंतर्य ते हेच.

ही विद्या आपल्या मोंढ्यातल्या व्यापाऱ्यांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होती. संध्याकाळी रोजमेळ जुळल्याशिवाय दुकान बंद व्हायचं नाही. दिवसाची जमा-नावे मांडायची, गल्ल्यातल्या रोकडीशी ताळा घ्यायचा. दुकान बंद करणं रोजचंच, म्हणून हिशेबही रोजचाच. आणि पान संपलं की नव्या पानावर आधी मागची शिल्लक ओढायची. दिवाळीला नव्या वह्यांची पूजा होई, पण जुनी येणी-देणी नव्या वहीत उतरवूनच. नवी वही आली म्हणून कुणाची उधारी माफ होत नसे! "मागील पानावरून पुढे चालू" हे आपण वैतागाने म्हणतो. हिशेबात ते इमानाचं वाक्य आहे.

यातून तीन गोष्टी घ्या. एक, रोजची नोंद न चुकणाऱ्या गोष्टीला बांधा: सकाळचा चहा, रात्रीची औषधाची गोळी, काहीही. दोन, आढाव्याला वार नेमा. आपल्या गावच्या आठवडी बाजाराचा दिवस चांगला, कारण तो आठवण करून द्यावा लागत नाही. तीन, खंड पडला तर नवी वही आणू नका. जुनीच उघडा, शेवटच्या नोंदीखाली आजची तारीख घाला आणि मागची बाकी ओढा. जे आता करायचं नाही ते काट मारून सोडा. ज्याला शब्द दिला होता त्याला फोन करा. हा फोन अवघड असतो, म्हणूनच आपल्याला नवी वही आवडते.

आमची सध्याची वही साधी, दोनशे पानी आहे. तीत मध्ये दीड महिन्याची मोकळी जागा आहे, आजारपणाची. तिच्याखाली तारीख आहे आणि राहिलेली चार कामं. चारातली तीन झाली आहेत. चौथ्याचा फोन आज घरी गेल्यावर करायचा आहे.