मौन, संमती आणि विद्यार्थिनींचे मनःस्वास्थ्य

'मौनं संमतिलक्षणम्' हे वचन आपल्याकडे, विशेषतः मुलीच्या लग्नाच्या बोलणीत, आजवर सहजपणे उच्चारले गेले आहे. मुलगी खाली मान घालून गप्प राहिली की तिचा होकार गृहीत धरावयाचा, ही त्यामागील समजूत. ती लग्नाच्या बैठकीपुरती राहिली असती तर तिच्यावर व्याख्यान देण्याचे प्रयोजन नव्हते. परंतु ती न्यायालयातही शिरली, आणि महाविद्यालयांच्या आवारात आजही वावरते आहे.

२६ मार्च १९७२ च्या रात्री, तत्कालीन चंद्रपूर जिल्ह्यातील देसाईगंज पोलीस ठाण्यात कोवळ्या वयाच्या एका आदिवासी मुलीवर अत्याचार झाल्याची तक्रार दोन पोलिसांविरुद्ध झाली. हेच पुढे देशभर गाजलेले 'मथुरा प्रकरण'. सत्र न्यायालयाने आरोपींना निर्दोष सोडले. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने १९७६ मध्ये त्यांना दोषी ठरविले, तर १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती शिक्षा रद्द केली. अंगावर जखमा नाहीत, आरडाओरडा नाही, म्हणून प्रतिकार नाही, आणि प्रतिकार नाही म्हणून संमती, अशी त्या निकालाची विचारसरणी होती.

१९७९ मध्ये उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, रघुनाथ केळकर आणि वसुधा धागमवार या कायद्याच्या चार अभ्यासकांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले. नाइलाजाने शरण जाणे आणि संमती देणे या दोन गोष्टी एक नव्हेत, हा त्या पत्राचा गाभा. त्यातून उभ्या राहिलेल्या स्त्रियांच्या चळवळीमुळे १९८३ मध्ये कायदा बदलला. तथापि केवळ शारीरिक प्रतिकार केला नाही एवढ्यावरून संमती मानता येणार नाही, हे वाक्य कायद्यात स्पष्टपणे येण्यास २०१३ साल उजाडावे लागले. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही ते कायम आहे.

ती ओरडली का नाही, या प्रश्नाचे उत्तर मानसशास्त्राने दिले आहे. अतिशय भीतीच्या क्षणी शरीर लढते किंवा पळते, हे सर्वांस ठाऊक असते. पण ते थिजूनही जाते. हातपाय हलत नाहीत, घशातून आवाज फुटत नाही. हे मनाच्या स्वाधीन नसते. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या स्टॉकहोम येथील एका अभ्यासात, अत्याचारानंतर रुग्णालयात आलेल्या २९८ स्त्रियांपैकी ७० टक्के स्त्रियांनी असे लक्षणीय थिजणे अनुभवले होते. ज्या अशा थिजल्या, त्यांच्यात सहा महिन्यांनंतर आघातोत्तर तणाव आणि तीव्र नैराश्य अधिक आढळले. म्हणजे जिच्या गप्प राहण्यावर समाज बोट ठेवतो, तिचीच जखम बहुधा अधिक खोल असते.

अशी विद्यार्थिनी वर्गात दिसते ती वेगळ्याच रूपाने. झोप उडालेली, लक्ष लागत नाही, हजेरी कमी, हुशार असून नापास. शिक्षक तिला आळशी ठरवितात. घरी सांगावे तर 'उद्यापासून कॉलेज बंद' हे उत्तर तिला आधीच ठाऊक असते. माझ्या मते आपल्या भागात मुली गप्प राहतात त्या पुष्कळदा गुन्हेगाराच्या नव्हे, घरच्यांच्या धाकाने. म्हणून तिचे बोलणे प्रथम ऐकणारी व्यक्ती काय म्हणते यावर पुढचे फार अवलंबून असते. 'तू तिथे गेलीसच कशाला?' या एका वाक्याने ती कायमची मिटून जाऊ शकते. 'सांगितलेस ते बरे केलेस, यात तुझा दोष नाही' एवढे म्हणण्यास कोणतीही पदवी लागत नाही.

संस्थेचे कर्तव्य मात्र याहून मोठे आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१५ च्या विनियमांनुसार प्रत्येक महाविद्यालयात अंतर्गत तक्रार समिती असावी लागते. तिची अध्यक्ष ज्येष्ठ स्त्री-अध्यापक असते, निम्म्या तरी सदस्य स्त्रिया असतात, आणि एक सदस्य बाहेरचा असतो. तक्रार सामान्यतः तीन महिन्यांच्या आत लेखी करावयाची असते. लिहिणे जमत नसेल तर समितीने साहाय्य करावयाचे असते. चौकशी नव्वद दिवसांत पुरी व्हावी लागते. समुपदेशनाची सोय करणे हेही संस्थेवर बंधनकारक आहे. सहल, शिबिर, क्रीडास्पर्धा आणि संस्थेने पुरविलेले वाहन यांनाही हे विनियम लागू आहेत. त्यांतील एक कलम पालकांनी मुद्दाम वाचावे: सुरक्षिततेच्या नावाखाली मुलींच्या हिंडण्याफिरण्यावर बंधने घालू नयेत. दिवे लावावेत, वाहनांची सोय करावी. मुलीला कोंडू नये.

तुये गावची मुलगी बारावीनंतर विर्नोड्याच्या सरकारी महाविद्यालयात जाते, नाहीतर बसने म्हापसा गाठते. प्रवेशाच्या दिवशी तिच्या वडिलांनी शुल्काची चौकशी करावी, तशीच या समितीच्या सदस्यांची नावे फलकावर कोठे लावली आहेत हेही विचारावे. मुलगी अठरा वर्षांखालील असेल तर २०१२ चा पॉक्सो कायदा लागू होतो, आणि अत्याचाराची माहिती मिळालेल्या व्यक्तीस ती पोलिसांना कळविणे भाग असते. मानसिक साहाय्यासाठी २०२२ पासून 'टेलि-मानस'चा १४४१६ हा निःशुल्क क्रमांक आहे, तर प्रत्यक्ष उपचारांसाठी बांबोळीची मनोविकार व मानवी वर्तन संस्था आहे. तेथे जाणाऱ्या मुलीला 'वेडी' म्हणणारे शेजारी अजून आहेत. तिच्याबरोबर कोणी तरी मोठे माणूस बसमध्ये बसले तर तिला ती वाट सोपी जाते.