धक्का पुढे पोचेपर्यंत

मुंबईहून पुण्याकडे निघालेली गाडी कर्जतला थांबते, तेव्हा प्रवाशांच्या लेखी तो थांबा वड्यासाठी असतो. खरं काम गाडीच्या शेपटाकडे चाललेलं असतं. तिथे मागून जादा इंजिनं येऊन लागतात. रेल्वेच्या बोलीत हे ‘बँकर’. पुढे बोरघाट आहे, दर 37 मीटरला 1 मीटर चढणारा. हजार टनांची गाडी धरली, तर हा चढ तिला सुमारे 27 टनांच्या वजनाइतक्या जोराने सतत मागे खेचतो. तो जोर पुढच्या एकट्या इंजिनाच्या गळ्यात न घालता मागून रेटा द्यायचा, ही युक्ती.

शेवटच्या डब्याला रेटा दिला की पहिला डबा त्याच क्षणी हलेल, असं आपण धरून चालतो. तो हलत नाही. दोन डब्यांच्या जोडात धक्का सोसणारी यंत्रणा असते, कुठे पोलादी स्प्रिंगा, कुठे रबराच्या चकत्या. त्यामुळे गाडी म्हणजे एक अखंड दांडा नव्हे. ती स्प्रिंगांनी जोडलेल्या वजनांची माळ आहे. आणि अशी माळ ढकलली की काय होतं, ते दोनच वजनं घेऊन पाहिलं तरी कळतं.

एकेक किलोचे दोन ठोकळे घ्या. मध्ये हातभर लांबीची स्प्रिंग, 1 सेंटीमीटर दाबायला अर्धा न्यूटन जोर लागेल अशी. हे सगळं घर्षण नसलेल्या टेबलावर. (असं टेबल भौतिकशास्त्राच्या प्रत्येक पुस्तकात असतं आणि एकाही शाळेच्या प्रयोगशाळेत नसतं.) आता मागच्या ठोकळ्याला एकदम 10 न्यूटनचा रेटा द्या, म्हणजे साधारण 1 किलो वजन तोलून धरायला लागतो तेवढा, आणि तो तसाच चालू ठेवा.

पहिल्या क्षणी स्प्रिंग दबलेलीच नसते, त्यामुळे पुढच्या ठोकळ्यापर्यंत काहीच पोचत नाही. सगळा जोर मागचा एकटा घेतो आणि सुसाट निघतो. स्प्रिंग 10 सेंटीमीटर दबली की दोघांचं त्वरण सारखं होतं. वाटतं, आता जमलं, इथून दोघं जोडीने जातील. पण तोवर मागच्याने पुढच्यापेक्षा जास्त वेग कमावलेला असतो. तो स्प्रिंग आणखी दाबत जातो, थेट 20 सेंटीमीटरपर्यंत. तिथे पारडं पूर्ण फिरतं: सगळं त्वरण आता पुढच्याकडे, आणि मागच्याचा वेग वाढायचा थांबलेला. मग स्प्रिंग उलगडू लागते आणि सुरुवातीपासून 0.63 सेकंदाने पुन्हा मूळ लांबीवर येते. लगेच दुसरी फेरी सुरू.

या सगळ्या आत-बाहेरच्या गडबडीत एक बिंदू मात्र अगदी शहाण्यासारखा चालतो. दोन्ही ठोकळ्यांच्या बरोबर मधला, म्हणजे त्यांचं वस्तुमानकेंद्र. तिथे जणू 2 किलोचा एकच ठोकळा आहे आणि त्यावर 10 न्यूटन जोर आहे, अशा थाटात ते एकसारख्या त्वरणाने पुढे जातं. स्प्रिंग कडक की मऊ, याच्याशी त्याला देणंघेणं नाही.

सतत रेट्याऐवजी मागच्या ठोकळ्याला हातोडीचा एकच ठोका दिला तर आणखी गंमत. मागचा निघतो, स्प्रिंग दाबतो, हळू होत होत क्षणभर थांबतो. त्याच क्षणी पुढचा पूर्ण वेगात असतो. मग पुढचा थांबतो आणि मागचा धावतो. आळीपाळीने एक जण उभा, एक जण पळतोय. मागे मात्र कोणीच येत नाही.

रेल्वेच्या दृष्टीने यातली महत्त्वाची गोष्ट ती 20 सेंटीमीटरची. तोच 10 न्यूटनचा जोर सावकाश वाढवत नेला असता, तर स्प्रिंग 10 सेंटीमीटरच्या आसपासच राहिली असती. एकदम दिल्यामुळे ती दुप्पट दबली, म्हणजे तिच्यावरचा ताणही दुप्पट झाला. इंजिनाची ताकद तीच, पण लोको पायलटचा हात जड असेल तर कपलिंगला ती दुप्पट वाटते. जोडात मोकळीक असेल तर आणखी वाईट. 58 वाघिणींच्या मालगाडीत प्रत्येक जोडाला 5 सेंटीमीटर मोकळीक धरली, तरी इंजिन जवळपास 3 मीटर पुढे गेल्यावर शेवटची वाघीण हलणार. तोवर गाडीचा पुढचा भाग वेगात आलेला असतो, म्हणून सर्वात मोठा हिसका शेवटी बसलेल्या गार्डला बसतो.

मोकळीक नसली तरी धक्क्याला वेळ लागतोच. 50 टनांचा डबा आणि 1 सेंटीमीटर दाबायला 10 टनांचा जोर लागेल असा जोड धरला, तर एक डबा ओलांडायला धक्क्याला साधारण 0.07 सेकंद लागतात. 18 डबे ओलांडायला सव्वा सेकंद. घरी पाहायचं असेल तर ‘स्लिंकी’ नावाची मऊ खेळण्यातली स्प्रिंग एका टोकाला धरून उभी लोंबकळू द्या आणि सोडा. वरचं टोक कोसळत येऊन पोचेपर्यंत खालचं टोक अधांतरी तसंच राहतं. मोबाइलवर स्लो मोशनमध्ये टिपलंत तर डोळ्यांवर विश्वास बसत नाही.

आता पुन्हा घाटात. पुढे एक इंजिन, मागे दोन बँकर, तिघांचा जोर सारखा आणि डबे 18 असं समजू. मग पुढचे 6 डबे ओढले जातात आणि मागचे 12 ढकलले जातात. सहाव्या आणि सातव्या डब्यामधल्या जोडावर ना ओढ, ना दाब. कागदावर ही बिनजोराची जागा बदलत नाही. रुळांवर ती एका जोडावरून दुसऱ्यावर सारखी सरकते. पुढच्याने जोर कमी केला की ओढले जाणारे डबे कमी होतात, बँकर ढिले पडले की वाढतात. या सरकण्यात जो जोड दाबातून ओढीत जातो, तिथे प्रवाशाला खटका जाणवतो. म्हणून पुढचे आणि मागचे लोको पायलट वॉकीटॉकीवरून एकमेकांशी जुळवून घेत गाडी चढवतात.

आणि गाडी त्या ठोकळ्यांसारखी अखंड झुलत का राहत नाही? कारण जोडांतली यंत्रणा मुद्दाम अशी केलेली असते की दाबायला जेवढी ऊर्जा लागली तेवढी ती परत देत नाही. घर्षणात किंवा रबरात तिची उष्णता होते. नुसत्या चांगल्या स्प्रिंगेवर भागत नाही, थोडी ‘वाईट’ स्प्रिंगच लागते. नवे एलएचबी डबे आले तेव्हा आरामाची चर्चा झाली, तशा गाडी सुटताना बसणाऱ्या हिसक्यांच्या तक्रारीही आल्या. नंतर रेल्वेने या डब्यांना ‘बॅलन्स्ड ड्राफ्ट गिअर’ बसवायला घेतले. ओढ आणि दाब, दोन्ही दिशांना धक्का जिरवायचा, एवढंच त्यांचं काम.