विश्लेषण : ‘टिनटिन’ एर्जेंनी एकट्याने रेखाटला नव्हता… मग सहायकांची नावे मुखपृष्ठावर का नाहीत?

टिनटिन, त्याचा कुत्रा स्नोई आणि कॅप्टन हॅडॉक यांच्या साहसकथांच्या अल्बमवर चित्रकार म्हणून एकच नाव असते, ते म्हणजे एर्जे. बेल्जियमच्या जॉर्ज रेमी यांचे हे टोपणनाव. आद्याक्षरे उलटी करून ‘आर. जी.’चा फ्रेंच उच्चार केला की ‘एर्जे’ होते. मात्र १९४४ नंतरच्या टिनटिनमध्ये अनेकांचे हात होते. नामवंत कॉमिक चित्रकाराचा सहायक नेमके काय करतो आणि त्याला श्रेय का मिळत नाही, याचा हा आढावा.

एर्जेंना सहायकांची गरज का भासली?

टिनटिनची पहिली कथा १९२९ मध्ये कृष्णधवल स्वरूपात सुरू झाली. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कास्टरमन या प्रकाशन संस्थेने ६२ पानांचे रंगीत अल्बम हवे असल्याचे सांगितले. त्यामुळे नवी कथा रचताना जुन्या कथा कापून, पुन्हा रेखाटून रंगवणेही आले. एकट्या माणसाच्या आवाक्यातले हे काम नव्हते. १९४४ मध्ये एडगर पी. जेकब्स मदतीला आले. ते चित्रकार होते, तसेच ऑपेरा गायकही होते. जुन्या कथांचे रंगकाम आणि ‘द सेव्हन क्रिस्टल बॉल्स’सारख्या कथेतील पार्श्वभूमी यांत त्यांचा मोठा वाटा आहे.

जेकब्स वेगळे का झाले?

आपलेही नाव अल्बमवर असावे, अशी मागणी जेकब्स यांनी केली. एर्जेंनी ती मान्य केली नाही. १९४७ मध्ये हे एकत्र काम थांबले. तोवर जेकब्स यांची स्वतःची ‘ब्लेक अँड मॉर्टिमर’ ही मालिका सुरू झाली होती आणि पुढे ती युरोपात गाजली. मैत्री मात्र टिकली. ‘सिगार्स ऑफ द फेरो’च्या नव्या आवृत्तीत ‘ई. पी. जेकोबिनी’ नावाची एक ममी दिसते. मुखपृष्ठावर न आलेले नाव असे आतल्या पानावर गमतीने आले!

स्टुडिओत काम कसे चालायचे?

१९५० मध्ये ब्रुसेल्स येथे ‘स्टुडिओ एर्जे’ची स्थापना झाली. कथा, पानांची मांडणी आणि पात्रांचे हावभाव एर्जेंकडे असत. इमारती, वाहने, यंत्रे, पोशाख आणि रंगकाम हे सहायकांकडे. चंद्रसफरीच्या कथेतील चंद्रभूमीचे बरेचसे काम बॉब डे मूर यांचे. ‘फ्लाइट ७१४’मधील अब्जाधीशाचे जेट विमान रॉजर लेलू यांनी रेखाटले.

‘द ब्लॅक आयलंड’चे उदाहरण बोलके आहे. या कथेत ब्रिटनचे चित्रण करताना झालेल्या १३१ चुकांची यादी इंग्रजी प्रकाशकांनी पाठवली. एर्जेंनी डे मूर यांना १९६१ मध्ये ब्रिटनला धाडले. तिथली स्थळे, गाड्या, गणवेश यांची रेखाटने करून ते परतले आणि १९६६ मध्ये संपूर्ण अल्बम नव्याने प्रसिद्ध झाला. मुखपृष्ठावर नाव अर्थातच एर्जेंचे.

सहायकाचे कौशल्य कशात?

सगळीकडे सारख्या स्वच्छ रेषा आणि सपाट रंग ही टिनटिनची ओळख. कोणती रेषा कोणाची, हे वाचकाला कळता कामा नये. म्हणजे सहायक जितका निष्णात, तितका तो अदृश्य. श्रेयाचा पेच इथेच निर्माण होतो. काम उत्तम झाल्याचा पुरावा हाच की, ते दुसऱ्याचे वाटते. बदल्यात शिक्षण मिळते, हेही खरे. लेलू यांनी पुढे ‘योको त्सुनो’ ही स्वतःची मालिका उभी केली. जपानमध्ये तर सहायकी ही मांगा चित्रकार होण्याची रूढ वाट आहे. ‘वन पीस’चे जनक एइचिरो ओडा हे आधी नोबुहिरो वात्सुकी यांचे सहायक होते आणि वात्सुकी स्वतः ताकेशी ओबाता यांचे.

एर्जेंनंतर काय झाले?

३ मार्च १९८३ रोजी एर्जे यांचे निधन झाले, तेव्हा ‘टिनटिन अँड आल्फ-आर्ट’ अपूर्ण होते. ते पूर्ण करण्याची डे मूर यांची इच्छा होती. अनेक वर्षे त्यांनी हेच जग रेखाटले होते. मात्र आपल्या पश्चात दुसऱ्या कोणी टिनटिन काढू नये, ही एर्जेंची भूमिका होती. त्यांच्या पत्नीने अखेर ती पाळली. १९८६ मध्ये ती कथा कच्च्या रेखाटनांच्याच रूपात छापली गेली.

पुढच्याच वर्षी जेकब्स यांचेही निधन झाले आणि ‘ब्लेक अँड मॉर्टिमर’ची एक कथा अर्धवट राहिली. ती पूर्ण करण्याचे काम आले बॉब डे मूर यांच्याकडे. १९९० मध्ये तो अल्बम प्रसिद्ध झाला. त्याच्या श्रेयनामात जेकब्स यांच्यासोबत डे मूर यांचेही नाव आहे.